ठसका लागतो, तेव्हा लक्ष द्या

जेवताना ठसका लागला की आपण हसून म्हणतो, कुणीतरी आठवण काढली. पण घरात लकवा झालेलं माणूस असेल आणि त्याला रोज पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ती आठवण नव्हे. ती धोक्याची खूण आहे.

आपल्या घशात दोन वाटा शेजारीशेजारी असतात. एक अन्नाची, एक श्वासाची. गिळताना श्वासाची वाट क्षणभर झाकली जाते. लकव्याने घशाचे स्नायू दुबळे झाले की ती वेळेवर झाकली जात नाही. मग पाणी, चहा, अन्नाचे कण फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. लकव्यानंतर सुरुवातीला साधारण निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा काही आठवड्यांत कमी होतो, पण तोवर जपावं लागतं.

खुणा अशा: खाताना खोकला, खाल्ल्यावर घोगरा, ओला आवाज, गालात साठून राहिलेला घास, वारंवार ताप. काहींना ठसकाही लागत नाही, म्हणून लकव्यानंतर गिळण्याची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचाराच. ती तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. पाणी, पेज किती दाट द्यायची, तेही तेच सांगतात.

भरवताना माणसाला ताठ बसवा. आडवं ठेवून भरवू नका. लहान चमचा घ्या. पहिला घास गिळला की मगच दुसरा. खाताना बोलायला लावू नका, टीव्ही बंद ठेवा. चुरमुरे, शेंगदाणे, कोरडी भाकरी टाळा. आमटीत भाकरी कुस्करली तर ती पूर्ण भिजू द्या. घट्ट आणि पातळ एकाच घासात आलं की गिळणं आणखी अवघड होतं. जेवण झाल्यावर तोंड स्वच्छ करा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. ‘अजून दोन घास खा’ म्हणत आपण मागे लागतो. भेटायला आलेली बाईही चमचाभर पाणी तोंडात सोडते. पेंगुळलेल्या किंवा शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे पाहुण्यांनाही स्पष्ट सांगा. अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर पाणीसुद्धा न पाजता लगेच 108 ला फोन करा.

आणखी एक. लकवा नसतानाही आधी भाकरी अडते, मग भात, मग पातळही उतरत नाही, वजन घटतं, असं होत असेल तर अंगावर काढू नका. अन्ननलिकेच्या कर्करोगाची ही खूण असू शकते. मिश्री, तंबाखू लावणाऱ्या बायकांनी तर लगेच तपासून घ्यावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावात लकव्याचे रुग्ण कुणाच्या घरी आहेत आणि त्यांना कोण भरवतं? त्या बाईपर्यंत हे पोचवूया.