आपल्या मालाचे दुकान आणि फोनवरचा आपोआप निरोप

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर्वी गावात काही सांगायचं झालं की दवंडी देत असत. डफावर काठी पडली की माणसं ओट्यावर येऊन ऐकत. आज हे काम खिशातला फोन करतो. आपण शेतात पाणी देत असलो किंवा रात्री झोपलेले असलो, तरी तो आपल्या वतीने गिऱ्हाइकाला उत्तर देऊ शकतो. शेतकरी गट आणि महिला बचत गट यांनी आपल्या दुकानासाठी या सोयीचा उपयोग कसा करावा, आणि त्यात काय सांभाळावं, हे आज आपण पाहू.

मंगळवेढा भाग ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. काळी कसदार जमीन, मालदांडी ज्वारी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तालुक्यातल्या एका गावी रस्त्याच्या कडेला महिला गटाचं दुकान आहे. ज्वारी, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि थंडीत हुरडा. माल चांगला, चव चांगली. अडचण एकच होती. बाया दिवसभर खुरपणीला किंवा काढणीला. संध्याकाळी फोन उघडावा तर निरोपांची रांग लागलेली. “भाव काय?” “दुकान किती वाजता उघडतं?” “हुरडा आहे का?” उत्तर द्यावं तोवर गिऱ्हाइकानं दुसरीकडे खरेदी केलेली असायची. बरं, प्रश्न रोज तेच, उत्तरंही तीच.

अशा ठिकाणी ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ हे ॲप उपयोगी पडतं. छोट्या दुकानदारांसाठीचं हे ॲप २०१८ साली आलं आणि ते फुकट मिळतं. दुकानासाठी शक्यतो वेगळा नंबर घ्यावा. घरचे निरोप आणि दुकानाचे निरोप एकत्र झाले की घोटाळा होतो. या ॲपमध्ये तीन गोष्टी लावून घ्याव्यात.

१) स्वागताचा निरोप (ग्रीटिंग मेसेज) : नवीन गिऱ्हाइकानं पहिल्यांदा विचारलं, किंवा जुन्यानं १४ दिवसांच्या खंडानंतर विचारलं, की हा निरोप आपोआप जातो.

२) दुकान बंद असतानाचा निरोप (अवे मेसेज) : याची वेळ आपण ठरवून द्यायची. त्या वेळेत कुणी विचारलं की हा निरोप जातो.

३) तयार उत्तरे (क्विक रिप्लाय) : भाव, पत्ता, पार्सल याबद्दलची उत्तरं एकदाच लिहून ठेवावीत. तिरपी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर समोर येतं. हे मात्र आपोआप जात नाही, आपण पाहून पाठवायचं असतं.

इथे एक लक्षात असू द्या. फोन बंद असेल किंवा नेट नसेल तर आपोआप निरोप जात नाही. शेतात रेंज नसेल तर दुकानाचा फोन घरीच, नेट चालू ठेवून, चार्जिंगला लावावा.

निरोप कसा लिहावा? थोडक्यात आणि सरळ. नमुना सांगतो : “नमस्कार. आमच्याकडे ज्वारी, कडक भाकरी व शेंगाचटणी मिळते. दुकान सकाळी ८ ते ११ व सायंकाळी ५ ते ८ उघडे असते. सोमवारी बंद. हा निरोप फोनने आपोआप पाठवला आहे. सायंकाळी ५ नंतर आम्ही स्वतः उत्तर देऊ.” शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आपण यंत्राशी बोलतोय की माणसाशी, हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. वर सांगितलेल्या दुकानाच्या फोनवर निरोप मीच घालून दिला होता. त्यात लिहिलं होतं, “ताजा हुरडा रोज सकाळी मिळेल.” हुरड्याचं गणित आपल्याला ठाऊक आहे. दाणा दुधाळ-चिकात असतो तेवढेच दिवस हुरडा. एका तुकड्यातला हुरडा साधारण आठवड्याभरात टणक होतो. संक्रांत झाली, शेवटचा तुकडाही टणक झाला. निरोप मात्र तसाच जात राहिला. एका रविवारी सोलापूरहून एक कुटुंब आलं. बरोबर वयस्कर आई होती. दुकानातल्या ताई म्हणाल्या, “हुरडा संपला की हो, चार दिस झाले.” आजी म्हणाल्या, “अगं, रात्री तुम्हीच कळवलंत ना, मिळेल म्हणून?” ताई म्हणाल्या, “आम्ही न्हाई कळवलं आजी, फोननं कळवलं.” आजींनी विचारलं, “फोन तुमचाच ना?”

याला काही उत्तर नव्हतं. ताईंनी त्यांना चहा दिला, चटणीचं पाकीट दिलं, पैसे घेतले नाहीत. पण ते कुटुंब त्या वर्षी पुन्हा आलं नाही. चूक त्या ताईंची नव्हती. निरोप कसा सुरू करायचा हे मी शिकवलं होतं. तो बदलायचा कसा, हे शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही तीन नियम पाळतो. पहिला, हंगामी मालाच्या निरोपात शेवटची तारीख घालायची : “हुरडा १२ जानेवारीपर्यंत. त्यानंतर विचारून यावे.” दुसरा, रोज रात्री एका बाईनं निरोप वाचायचा. आठवड्याची पाळी दुकानाच्या फळ्यावर लिहिलेली असते. तिसरा, रोज बदलणारा भाव आपोआप निरोपात घालायचा नाही. हुरड्याचा हंगाम लांबवायचा असेल तर पेरणी ८-१० दिवसांच्या अंतरानं टप्प्याटप्प्यानं करावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मधुर’ हा वाण खास हुरड्यासाठी आहे.

आता गिऱ्हाइकांना आपण होऊन कळवण्याविषयी. त्यासाठी ब्रॉडकास्ट यादी करता येते. एका यादीत २५६ नंबर बसतात. मात्र ज्यानं आपला नंबर त्याच्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर नंबर ठळक लिहा आणि गिऱ्हाइकाला तो साठवून घ्यायला सांगा. यादीत नाव घालण्याआधी विचारा, “माल आला की कळवू का?” हो म्हणाले तरच घाला. नको म्हणाले की लगेच काढा. आठवड्याला एक निरोप पुरे. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवाल, तर ज्या दिवशी खरोखर हुरडा आहे त्या दिवशीचा निरोपही कोणी उघडणार नाही.

“हजारो नंबर देतो, एका बटणात सगळ्यांना निरोप जाईल,” असं सांगणारे लोक तालुक्याला भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. असं बाहेरचं सॉफ्टवेअर वापरणं ॲपच्या नियमात बसत नाही आणि आपला नंबर बंद होऊ शकतो. ऐन हंगामात नंबर गेला तर गिऱ्हाईकही गेलं. म्हणून गिऱ्हाइकांची नावं व नंबर एका वहीतही लिहून ठेवा.

शेवटचा मुद्दा. जे खरं आहे तेच लिहा. चटणी-भाकरीसारखा तयार माल विकायला अन्नसुरक्षा नोंदणी लागते. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा, निरोपातही द्या. प्रमाणपत्र नसेल तर ‘सेंद्रिय’ असा डांगोरा पिटू नका. शेणखत किती घातलं, फवारणी केली की नाही, हे साध्या शब्दांत सांगा. गिऱ्हाइकाला ते पटतं.

लक्षात ठेवा :
• निरोपात वेळ, सुट्टीचा वार आणि शेवटची तारीख असावी.
• निरोप आपोआप जातो, हे स्पष्ट लिहावे.
• रोज रात्री तो एकदा वाचावा.
• परवानगीशिवाय कोणाला निरोप पाठवू नये.

बंधूंनो आणि भगिनींनो, फोन आपल्या वतीनं बोलेल, पण शब्द आपलाच राहील. गिऱ्हाईक तो शब्द घेऊन दारात आलं, की तो पाळायला माणूसच लागतो. आपल्या दुकानाचा निरोप आज रात्रीच एकदा वाचून पाहा.