खिडकीबाहेर राहिलेली माणसे
(राजगुरुनगर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दुभंगलेल्या देशांत सर्वांचे राज्य का उभे राहत नाही, असे विचारले की आपण पटकन धर्म, भाषा, वंश अशी नावे घेतो. मला हे उत्तर अपुरे वाटते. श्रीलंकेचे पाहा. १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा, १९८३ ची तमिळांची कत्तल आणि पुढचे युद्ध आपल्याला आठवते. पण त्याआधी, स्वतंत्र झाल्याच्याच वर्षी, १९४८ मध्ये, चहामळ्यांतले लाखो तमिळ मजूर नागरिकत्वाबाहेर ठेवले गेले. पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. कित्येकांचा जन्म तिथलाच होता; पण बाप किंवा आजा-पणजा तिथे जन्मल्याचा कागद मळ्यातल्या मजुराने आणायचा कुठून? तोवर नागरिकत्वाविना उरलेल्यांना ते देणारा कायदा व्हायला २००३ उजाडले.

आता आपल्या तालुक्याकडे या; कागदाची हीच अडचण इथेही आहे. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक कातकरी. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याच्या नावावर ना सातबारा होता ना शाळेचा दाखला, जो वीटभट्टीमागून वीटभट्टी हिंडत जगला, त्याच्याकडे हा पुरावा असणार कसा? ज्यांच्यासाठी सवलत आहे त्यांनाच ती दुर्मीळ व्हावी, हे मला फार लागते.

तिकडे चाकणच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार. जिथे सामान्यतः राहतो तिथे मतदार होण्याचा हक्क कायद्याने त्याला दिला आहे. पण पत्त्याचा पुरावा हवा आणि खोलीमालक भाडेकरार लिहून देत नाही. स्थलांतरित मजुरांच्या नोंदणीचा कायदा १९७९ पासून होता; तरी २०२० च्या टाळेबंदीत माणसे रस्त्याने पायी निघाली, तेव्हा सरकारपाशी त्यांची धड यादी नव्हती. ज्याला इथे मत नाही, त्याच्या वस्तीतल्या नळाची चौकशी कोणता उमेदवार करील?

आणि ज्याची जमीन एमआयडीसीत गेली त्या शेतकऱ्याचा मुलगा? त्याचा राग खोटा नाही. ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना, हे धोरण कागदावर आहे. हातात मात्र ठेकेदाराचे काही महिन्यांचे काम पडते. त्याच ठेकेदाराकडे शेजारच्या यंत्रावर बिहारचा मुलगा उभा असतो. दोघे एकमेकांवर चिडले की कायम नोकरीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्येच बजावले होते की राजकीय बहुमत घडते आणि मोडते, जमातीचे बहुमत मात्र जन्मानेच ठरलेले असते. म्हणून केवळ संख्येच्या जोरावर चाललेले राज्य सर्वांचे होत नाही. मला याला एक जोड द्यावीशी वाटते: संख्येत मोजलाच न गेलेला माणूस अल्पसंख्यही ठरत नाही.

या गावचे शिवराम हरी राजगुरू काशीला शिकायला गेले आणि पुढे पंजाबच्या भगतसिंग-सुखदेवांबरोबर लाहोरला फासावर चढले. त्यांचे नाव लावणाऱ्या गावाकडे माझे मागणे थोडे आहे. तहसील कचेरीने महिन्यातून एक दिवस दाखल्यांचे काम भट्टीवर आणि वाडीवर जाऊन करावे. ज्यांच्या चाळी आहेत त्यांनी भाडेकरार लेखी द्यावा. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या चाळी असतील, त्यांना हे थेट सांगतो. आणि कायम कामाच्या मागणीचे निवेदन निघेल, तेव्हा त्यावर स्थानिक आणि परप्रांतीय, दोघांच्याही सह्या घ्या.