अक्षरांचे साचे

आमच्या कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. वर्षाकाळी तेथे मुक्काम करणाऱ्या भिक्षूंत कोणाचा अधिकार काय होता, हे कातळावर कोणी कोरले नाही. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढी ब्राह्मी अक्षरे मात्र टिकली. ती पाहताना मला नेहमी एका इंग्रज धर्मगुरूची आठवण होते, कारण त्यांची सारी तळमळ अक्षरांसाठीच होती.

फादर थॉमस स्टीफन्स 1549 च्या सुमारास विल्टशायर परगण्यात जन्मले. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथलिकांना स्वदेशी थारा नव्हता, म्हणून 1575 साली रोमला जाऊन ते येशूसंघात दाखल झाले आणि 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बन सोडून 24 ऑक्टोबरला गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी गोव्याच्या साष्टी महालात काढली. काही काळ ते तेथील विद्यालयाचे रेक्टरही होते. हेरगिरीच्या संशयावरून 1583 मध्ये गोव्यात कैदेत पडलेल्या राल्फ फिच प्रभृती इंग्रज व्यापाऱ्यांच्या जामिनासाठी त्यांनी खटपट केली. परंतु हुद्द्यांची ही हकीकत येथेच पुरे.

आमची पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, असे एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्यांना विचारले, आणि त्यातून मराठी ओवीतले ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध झाले, असे प्रस्तावनेत सांगितले आहे. ज्या पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या पोथ्या हिरावल्या, तिच्याच छत्राखालचा हा पाद्री स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणत सुमारे अकरा हजार ओव्या रचतो, याला कोणी उपकार म्हणोत. मी तरी नुकसानभरपाईच म्हणेन, मात्र ती मोठ्या मनाने आणि अस्सल मराठीत दिलेली.

हा ग्रंथ देशी लिपीत छापावा, ही त्यांची उत्कट इच्छा होती. मराठीच्या जोडाक्षरांना सुमारे सहाशे साचे लागतील, ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेब मांडून त्यांनी 1608 मध्ये रोमला वरिष्ठांकडे अर्ज केला. साचे काही झाले नाहीत. 1616 साली साष्टीतील राचोल येथे पुराण छापले गेले ते रोमन लिपीत, आणि 1619 मध्ये फादर वारले. त्या छापील आवृत्तीची प्रत आज कोठे मिळत नाही. देवनागरीत हाताने उतरलेली एक पोथी मात्र विसाव्या शतकात सापडली, ती लंडनच्या एका ग्रंथसंग्रहात.