खोकल्याचा हिशेब
(देवळाली प्रवरा येथील बैठकीतील भाषण)



आपल्या बैठकीत उसाच्या भावाचा हिशेब होतो, वीजबिलाचा होतो. आज आम्ही खोकल्याचा हिशेब मांडणार आहोत. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा खोकला आम्ही चार महिने ऐकला आणि 'बिडीचा ठसका' म्हणून हसण्यावारी नेला. मग थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीतून रक्त पडू लागले तेव्हा कळले, की फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे.

या रोगाचे सर्वांत मोठे कारण बिडी-सिगारेट. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० सालीच ते दाखवून दिले. बिडी पानाची म्हणून सौम्य, हा भ्रम आहे. ती विझू नये म्हणून झुरके जास्त ओढावे लागतात. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी रस्ता अडवला. तो त्यांचा हक्कच होता. पण पिकाला दाम मागणे वेगळे आणि धूर छातीत भरणे वेगळे.

मायबहिणी म्हणतील, आम्ही कुठे बिडी ओढतो? पण बिडी न ओढणाऱ्यालाही हा रोग होतो. घरातल्या माणसाच्या बिडीचा धूर तुमच्याही छातीत जातो. चुलीतल्या लाकडाचा धूर बहुधा कर्करोगकारक, असे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सांगते. बाहेरची दूषित हवा तर तिने २०१३ साली निश्चित कारणांत घातली. आणि आपण हेक्टरी आठ-दहा टन पाचट पेटवून देतो! शेतकी शिकलेले आम्ही सांगतो, ते खोडव्याच्या सरीत कुजवा. जमिनीला खत होईल, छातीला धूर लागणार नाही.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा. टीबी निघाला तर औषध पुरते घ्या; तो बरा होतो. टीबी नसेल, किंवा औषधानेही खोकला हटत नसेल, रक्त पडत असेल, वजन घटत असेल, आवाज बसला असेल, तर थांबू नका. मोठ्या दवाखान्यात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची आशा असते.

बिडी आज सोडली तर दहा वर्षांत धोका निम्म्यावर येतो. म्हणून साठीतही सोडण्यात फायदाच आहे.

आमच्या त्या कार्यकर्त्याची जागा आज रिकामी आहे. आजपासून आपल्या बैठकीत कोणी बिडी पेटवणार नाही, एवढा ठराव हात वर करून मंजूर करा.