पाण्याची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. तेव्हा शास्त्राच्या विषयावर मी बोलायला उभी राहिलेली पाहून कुणाला नवल वाटेल. पण विषय पाण्याचा आहे, आणि घरात पाण्याचा हिशेब आपणच ठेवतो.

माझी एक भाची भूजलाचा, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा अभ्यास करते. संशोधक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा डगला आणि काचेच्या नळ्या येतात. हिची तऱ्हा निराळी. सकाळी सहाला पोळीभाजीचा डबा, लांब फीत, वही आणि पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या घेऊन ती निघते. विहिरीच्या कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेवरून फीत खाली सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचे, त्यातून कठड्याची उंची वजा करायची, आणि पुढची विहीर गाठायची. मे महिन्याच्या उन्हातही हेच. रात्री जेवण झाले की आकडे नीट उतरवून काढायचे.

मी तिला विचारले, "अगं, त्याच त्या विहिरी पुन्हा पुन्हा मोजून कंटाळत नाहीस का?" ती म्हणाली, "मावशी, दुधाच्या कॅलेंडरवर तू रोज खूण करतेस ना? एका दिवसाच्या खुणेवरून महिन्याचा हिशेब निघेल का?" मला सारे तेवढ्यात समजले.

आपल्या राज्यात हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७१-७२ च्या सुमारापासून करीत आली आहे. ठरलेल्या हजारो विहिरी वर्षातून चार वेळा मोजल्या जातात. पुण्याचे भूशास्त्रज्ञ डॉ. हिमांशु कुलकर्णी यांनी १९९८ साली उभारलेली 'ॲक्वाडॅम' संस्था गावोगावच्या कार्यकर्त्यांना ही विद्या शिकवीत आली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. पाणी असते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून जितके खोल जाल तितके पाणी जास्त, हा आपला समज खरा नव्हे.

मोजणीने काय साधते ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवले. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. तरी गावाने पाणी अडवले, शेतीसाठी बोअर मारायची नाही असे ठरवले, आणि पावसाची मोजणी पाहून ग्रामसभेत कोणती पिके घ्यायची ते ठरवू लागले. शिलकीत जेवढे, तेवढाच खर्च. हा तर आपल्या स्वयंपाकघरातलाच नियम!

आता आपल्या सिल्व्हर पार्ककडे पाहू. आपल्या नळाला वर्षानुवर्षे उल्हास नदीच्या खोऱ्यातले, म्हणजे दुरून आणलेले पाणी आले. पाऊस मात्र आपल्याकडे वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरच्या पुढे पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ३०० चौरस मीटरच्या गच्चीवर सहा लाख लिटर! ते बहुतेक गटारातून खाडीला जाते.

आणि खाडी आपल्या उशाशी आहे. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडे पाणी असले, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी तोलले जाते, असा शास्त्रज्ञांचा जुना हिशेब आहे. वरचे एक फूट उपसले की खालून खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. कातळात हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण गोष्ट तीच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या बोअरचे पाणी मचूळ लागू लागले. आता आणखी खोल दुसरी बोअर मारावी असे काहींचे म्हणणे आहे. वर्गणीही ठरू घातली आहे. माझे म्हणणे एवढेच, की पैसे जमिनीत घालण्यापूर्वी वर्षभर वही घालू या. पंप रोज किती तास चालला ते लिहावे. क्षार मोजायची पेन्सिलीएवढी दांडी बाजारात मिळते, तिने दर सोमवारी पाणी पाहावे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, दुसरी सोय नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. गच्चीवर सरळ कडांचे भांडे ठेवून पाऊस मोजावा. पंप जास्त चालला की क्षार वाढतात असे दिसले, तर दुसरी बोअर म्हणजे दुखण्याला आमंत्रण. मग तोच पैसा गच्चीचे पाणी जिरवण्याकडे लावावा. वहीने माझे म्हणणे खोटे ठरवले, तर पहिली वर्गणी मी देईन.

या कामाला पदवी लागत नाही, नेम लागतो. हळदीकुंकू आणि भिशी आपण एकही खाडा न करता चालवतो. त्याच नेमाने प्रत्येक इमारतीतून एका भगिनीने ही वही हाती घ्यावी, आणि पुढच्या वर्धापनदिनी सगळ्या वह्या या टेबलावर ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे.