मुलांच्या मनाची तपासणी आणि उपचार
(स्वागताध्यक्षीय भाषण)

मुलांच्या मनाचे दुखणे दवाखान्यात येते ते बहुधा शरीराची तक्रार घेऊन. पोट दुखते, झोपेत लघवी होते, शाळेचे नाव काढले की उलटी येते. म्हणून आधी शरीर नीट तपासावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात तर फारच काळजीपूर्वक. इथल्या गोंड, कोलाम कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो आणि त्याच्या वेदनेला ढोंग ठरवणे हा मुलावर अन्याय आहे. कान, डोळे, फिट्स यांचीही शहानिशा व्हायला हवी.

मुंबईत १९३७ साली टाटा समाजकार्य शाळेने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी मिळून एका मुलाकडे पाहायचे, ही अशा केंद्रांची रीत आजही टिकून आहे. आईवडिलांकडून बाळंतपणापासूनची हकिगत घेतली जाते, शिक्षकांचे म्हणणे मागवले जाते. मग मूल एकटे बसते. समोर कागद आणि खडू ठेवले की आठ वर्षांचे मूल घर काढते, माणसे काढते. त्या चित्रावरून निदान होत नाही, पण बोलणे सुरू होते. ते कोणत्या भाषेत, हे इथे फार महत्त्वाचे. झरी जामणीच्या पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीवरचे, मूल घरी कोलामी बोलते, पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यावरचे गोरमाटी. प्रमाण मराठीतल्या बुद्धिमापन चाचणीत ते अडखळले, तर त्याला मंद ठरवू नये.

आता उपचाराकडे वळू. वडिलांनी आत्महत्या केलेल्या घरात मुलाला बऱ्याचदा ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितलेले असते. गावात खरे कानावर येतेच आणि मूल दोष स्वतःकडे घेते. आईनेच, मुलाच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, खरे सांगावे. समुपदेशकाने तिला त्यासाठी तयार करावे. हाच तिथला पहिला उपचार.

शाळेची धास्ती घेतलेल्या मुलाला पायरीपायरीने परत नेतात: आधी फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. सौम्य चिंतेत बोलणे, पालकांचे मार्गदर्शन आणि शाळेची साथ पुरेशी ठरते. तीव्र नैराश्यात किंवा अतिचंचलतेत औषध लागते. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावे आणि मनाने बंद करू नये.

खरी अडचण पुढच्या भेटींची आहे. उमरखेडहून यवतमाळला यायचे म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक केव्हाही लागतो. पण मधल्या महिन्यांत मुलाकडे पाहणारे असतात ते गावातलेच: आशा, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे अधीक्षक, वर्गशिक्षक. जिल्ह्याच्या १६ तालुक्यांतून ही मंडळी आज डॉक्टरांच्या शेजारी बसली आहेत. स्वागत समिती त्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते.