लोणारचं गुलाबी पाणी आणि ४० प्रकाशवर्षांवरचे दगडी ग्रह

एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर एक बातमी जोरात फिरत होती, आठवते का? ‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली!’ ग्रह के२-१८बी, अंतर सुमारे १२४ प्रकाशवर्षं. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या टीमचं म्हणणं एवढंच होतं की एका वायूच्या खुणा दिसल्यासारख्या वाटतात. इतर टीमनी त्या खुणांवरच शंका घेतली. शिवाय तो ग्रह पृथ्वीसारखा दगडी आहे की नाही, हेही पक्कं नाही. पण ती बातमी वाचून मले आठवलं आपलं लोणार.

अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर करत गेलं की लागते ते लोणार. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात पडलेला जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आणि त्यात खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, नेहमी हिरवट दिसणारं ते पाणी एकदम गुलाबी झालं. नासाच्या लँडसॅट ८ उपग्रहानं २५ मे आणि १० जूनला घेतलेले फोटो शेजारी-शेजारी ठेवले तर फरक डोळ्यात भरतो. म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरूनसुद्धा ‘खाली काहीतरी झालं’ एवढं कळत होतं.

पण काय झालं? कोणी म्हणे शेवाळ, कोणी म्हणे दुसरंच काही. मग पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. आघारकरच्या तपासणीत उत्तर निघालं: हॅलोआर्किया, म्हणजे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारेपणा वाढला, हे जीव वाढले आणि त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्यानं तळं रंगलं. गंमत म्हणजे नमुन्यातले जीव तळाशी बसले, तेव्हा वरचं पाणी नितळ झालं.

रंग वरून दिसला, पण कारण बाटलीतून कळलं. ही गोष्ट डोक्यात ठेवा.

आता हेच रंगद्रव्य परग्रहावर शोधता येईल का? हा प्रश्न कोणी गमतीत विचारलेला नाही. २०१५ मध्ये एडवर्ड श्वीटरमन आणि सहकाऱ्यांनी अशा रंगीत सूक्ष्मजीवांचे रंग दूरच्या ग्रहावर जीवनाची खूण ठरू शकतील का, याचा अभ्यास केला होता. उदाहरण म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळची मिठागरं घेतली. लोणारही चाललं असतं, पण असो!

अडचण अशी की दूरचा ग्रह आपल्याला फोटोत दिसतच नाही. ट्रॅपिस्ट-१ घ्या. साधारण ४० प्रकाशवर्षांवरचा लहानसा लाल तारा, त्याच्याभोवती पृथ्वीएवढे सात दगडी ग्रह. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड १ टक्क्याहूनही कमी घटतो. ग्रहाला हवा असेल तर थोडा उजेड तिच्यातून गाळून येतो आणि कोणता रंग किती अडला, यावरून वायू ओळखायचे. बस, एवढाच डेटा. माझ्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर लॉगिनच नाही; लांबून येणाऱ्या चार आकड्यांवरून बग शोधायचा.

त्यात ताराच गोंधळ घालतो. ट्रॅपिस्ट-१ वर डाग आहेत आणि ते स्वतःच उजेडात अशा खुणा उमटवतात की त्या ग्रहाच्या हवेच्या वाटाव्यात. जेम्स वेबनं २०२३ मध्ये सगळ्यात आतला ग्रह, ट्रॅपिस्ट-१बी, तपासला. त्याची दिवसाची बाजू साधारण २३० अंश सेल्सियस निघाली, म्हणजे दाट हवा नसावी. ट्रॅपिस्ट-१ई ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की पाणी द्रव राहू शकतं. त्याची २०२५ मध्ये आलेली पहिली निरीक्षणं मात्र डागांमुळेच संदिग्ध राहिली. हवा असेल, नसेलही.

म्हणून ‘एक वायू दिसला’ एवढ्यावर कोणी नाचू नये, असं मले वाटते. खरी मजबूत खूण म्हणजे जोडी. डिसेंबर १९९० मध्ये गॅलिलिओ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा कार्ल सेगन यांच्या टीमनं त्याच्या यंत्रांनी पृथ्वीच तपासली. हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले. हे दोघं एकमेकांना संपवतात. तरी दोन्ही टिकून आहेत, म्हणजे कोणीतरी सतत नवा माल ओततंय. तो माल इथे जीव ओततात. परग्रहावर मात्र ज्वालामुखी, ताऱ्याची किरणं, खडकातली रसायनं असे सगळे दुसरे उमेदवार एकेक करून बाद करावे लागतील.

जेम्स वेबचे साधारण ५०० तास आता लाल ताऱ्यांभोवतीच्या अशाच दगडी ग्रहांसाठी ठेवले आहेत. तिथला पहिला प्रश्न जीवनाचा नाहीच. तो आहे: बाप्पा, तुला हवा तरी आहे का?

पुढच्या भागात ताऱ्याच्या डागांचा हा आवाज डेटातून कसा काढतात, ते बघू. तोवर लोणारला जाणार असाल तर पाण्याचा रंग बघून फोटो नक्की पाठवा.